मनुबाईची जागा आणि नाथाजीचं तोंडी लावणं

कुंडलच्या मनुबाईचा उजवा हात जूनमध्ये मोडला. धुणं धुताना पाय घसरला आणि मनगट गेलं. डॉक्टरनं दीड महिन्याचं प्लास्टर घातलं. मनुबाई रडली, पण हातासाठी नाही. अठरा वर्षं ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दीड महिन्यासाठी दुसरी बाई लावली की ती त्या जागेवरून पुन्हा उठत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. शाळेत शिजवणाऱ्या बायांची भांडणं मी पंधरा वर्षं भांडतेय. किती जणींच्या जागा अशा ‘तात्पुरत्या’ गेल्या ते मला विचारा.

शाळा समितीच्या बैठकीला मी आवाज चढवूनच गेले. “बदली माणूस मनुबाईच्या घरातलाच घ्या. हात बरा झाला की ती परत.”

समितीचा अध्यक्ष अमृत हसला. “क्रांतीताई, घरात हाय कोण? सून रेश्मा नोकरीला जाती. मग काय नाथाजीराव शिजवणार?”

बैठक खिदळली. नाथाजी म्हणजे मनुबाईचा नवरा. चोवीस वर्षं फौजेत होता. दर सव्वीस जानेवारीला गाव त्याला पुढच्या खुर्चीत बसवतं आणि भाषण करणारा दरवेळी शब्दांनीच त्याच्या हातात नवी बंदूक देतो. बोलणं कमी, मिशी मोठी. तो मागच्या बाकावरून उठला.

“मी शिजवतो.”

“आवं, बंदूक धरलेल्या हातात आता खिचडीचा डाव?” अमृत म्हणाला.

“बंदूक वर्षातनं एकदा धरायचो, नेमबाजीला. बाकी डावच हुता. फौजेत मी कुक हुतो.”

गावात हे एकट्या मनुबाईला माहीत होतं. सुट्टीवर आला की हा गडी चुलीकडे फिरकायचासुद्धा नाही, न जाणो हात ओळखू यायचा. हसणाऱ्यांचा मला जेवढा राग आला तेवढाच त्याचाही आला. शिजवलेलं अन्न रोज खायचं आणि शिजवणाऱ्या हाताची लाज बाळगायची! मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात त्याच्या मानेवरून ओघळणारा घाम दिसला. बदलीच्या कागदावर मीच त्याचं नाव लिहिलं.

पहिल्या दिवशी पोरांनी नेहमीसारखंच केलं. खिचडी खाल्ली, कोबी, गाजर, पालक निवडून ताटाच्या कडेला लावलं. नाथाजीनं ती ताटं बघितली. दुसऱ्या दिवसापासून खिचडीत डाळ-तांदूळच राहिले आणि भाज्या वेगळ्या, तोंडी लावायला.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर तो काँगोत होता. तिथल्या बाया हिरवी पानं कुटून शिजवायच्या आणि वर शेंगदाण्याचं वाटण घालायच्या. “आपल्यासारखंच कूट, ताई. फकस्त तिखट न्हाई.” तसा पालक केला. लेबनानमध्ये तो लापशीचा रवा भिजवून त्यात मूठमूठ हिरवा पाला, टोमॅटो, कांदा आणि लिंबू घालायला शिकला होता. इथं त्यानं कोथिंबीर आणि पुदिना घेतला. “तिथली माणसंबी मसूर-भाताची खिचडीच खात्यात. वर लालभडक तळलेला कांदा टाकत्यात आन् नाव मोठं ठेवत्यात.”

ताटं पुसल्यासारखी रिकामी व्हायला लागली. मनुबाई गळ्यात हात अडकवून रोज शाळेच्या पायरीवर बसायची आणि बघायची. तिसऱ्या आठवड्यात अमृत येऊन म्हणाला, “आता नाथाजीरावांनाच कायम करू. पोरं खूश हायत.”

मनुबाई उठली आणि घरी गेली. मी अमृतला चार शब्द सुनावले आणि तिच्या मागं गेले. नाथाजी भांडी घासून आला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“चोवीस वर्षं जगाला करून घातलंसा,” ती म्हणाली. “मला एकदा तरी? आन् आता माझीच जागा घेतासा?”

“जागा कोण घेतंय? अमृतला न्हाई म्हणून आलोय. तुझी जागा, तूच करायची.”

“आन् पोरं? त्यास्नी तुमचं ग्वाड लागलंय.”

नाथाजी स्वतःच्या घरातल्या ओट्याकडं पहिल्यांदा गेला. रवा भिजवला. जुडी तिच्यापुढं ठेवली, तिनं डाव्या हातानं कोथिंबीर निवडली. चमचा त्यानंच तिच्या तोंडापुढं धरला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

“लिंबू लय झालंय,” मनुबाई म्हणाली.

“व्हय?”

“व्हय. आन् जरा कूट घाला की ह्यात.”

“लेबनानमध्ये ह्यात कूट घालत न्हाईत.”

“मी लेबनानला चालले न्हाई.”

त्यानं कूट घातलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो करायचा आणि ती चाखून सुधारायची.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मनुबाई शाळेत परतली. मनगट अजून दुखत होतं, म्हणून नाथाजीनं मोठं पातेलं उतरवून दिलं आणि तो घरी गेला. लाडावलेली पोरं आधी कुरकुरली. “बसा गुमान,” ती म्हणाली आणि खिचडीबरोबर कूट घातलेला तो रवा वाढत सुटली. पोरांची बोटं चाटून झाली तरी अमृत तपासणीच्या नावाखाली ताट घेऊन उभाच. त्यानं घास घेतला, पुन्हा घेतला.

“ही नाथाजीरावांची चव न्हाई.”

“न्हाईच,” मनुबाई म्हणाली. “माझी हाय. आनखी वाढू?”

अमृतनं ताट पुढं केलं.