हरेश्वर आणि बुडबुड्यांचं यंत्र

हरेश्वर वेसाव्याचा. वडिलांची, धर्मा यांची, मासेमारीची बोट होती आणि तिच्या डिझेल इंजिनाची सगळी दुरुस्ती तोच करी. १९८४ साली तो अंधेरीच्या आमच्या रुग्णालयात प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून लागला, तो बायको कमळ हिच्या हट्टापायी. कमळचा भाऊ आदल्या वर्षी समुद्रावरून परतला नव्हता. "तू बोटीवर गेलास तर मी माहेरी," असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

मी तिथे टंकलेखिका होते. प्रयोगशाळेत रक्त तपासणारं एक परदेशी यंत्र आलं होतं. नमुने एकामागून एक बारीक नळीतून ओढून ते कागदावर पेनाने डोंगर काढी. डोंगर जितका उंच, तितकी रक्तात साखर जास्त. यंत्र बिघडलं की कंपनीचा माणूस बंगलोरहून येईपर्यंत रुग्ण ताटकळत. म्हणून ठरलं, दुरुस्तीला आपलाच माणूस तयार करायचा. इंजिनाची माहिती असलेला हरेश्वरच होता. जमलं तर पक्की नोकरी, नाहीतर सुट्टी.

कंपनीचे अंबादास शिकवायला आले. जेवणाच्या सुट्टीत मी इंग्रजी पुस्तक वाचून हरेश्वरला मराठीत सांगत असे. तो ऐके, पण नजर खिडकीकडे. खाडीवरून वारा आला की तेवढ्यापुरतं त्याचं ऐकणंही थांबे.

एकदा अंबादास चहाला गेले आणि परत येऊन पाहतात तो कागदावरचे डोंगर एकमेकांत मिसळून एकच लांबलचक चढ झालेला.

"हवा कोणी बंद केली?"

"मी, साहेब. नळीत बुडबुडे दिसले. लाईनीने हवा धरली होती."

"अरे, ती मुद्दाम सोडतात! एकाचं रक्त दुसऱ्याच्यात जाऊ नये म्हणून मधे बुडबुडा."

"आमच्या इंजिनात हवा शिरली तर भर समुद्रात बंद पडतं, साहेब. पहिली हवाच काढायची."

"ही बोट नाही रे बाबा!"

सगळे हसले. हरेश्वर हसला नाही. "नाहीच ना," एवढंच म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी कमळ बाजारातून परतताना रिकामी टोपली घेऊन फाटकाशी आली.

"बाई, पास होईल काय तो?"

"का नाही होणार?"

"त्याला नापास व्हायचंय. मला काय कळत नाय? मग म्हणेल, आता बोटच बरी."

मी तिला आत बोलावलं, पण ती उन्हातच उभी राहिली. माझे यजमान जहाजावर नोकरीला होते. तिच्यासारख्याच धास्तावलेल्या चेहऱ्याने मीही कितीतरी वर्षं दार उघडलं होतं.

अंबादासांनी यंत्रात बिघाड करून ठेवला होता. हरेश्वर नळीकडे वाकला, त्याचं बोट एका जागी टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याला सापडलं होतं, हे मला दिसत होतं. बोलत मात्र नव्हता.

"काय रे, येत नसेल तर सांग तसं," अंबादास म्हणाले.

हरेश्वरने मान वर केली. खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि उन्हात उभी कमळ.

"बुडबुडे सारख्या अंतरावर येत नाहीत, साहेब," तो हळू म्हणाला. "पंपाची नळी ढिली पडलीय. बदलायला पाहिजे."

"झकास! मग इतका वेळ कसली समाधी लावली होतीस?"

तो नळी काढू लागला होता.

पुढच्या नारळी पौर्णिमेला कमळने मला वेसाव्याला बोलावलं. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीवर त्याने चढायला तिची हरकत नसे. हरेश्वरने इंजिनातली हवा काढली, इंजिन सुरू केलं, सुकाणू धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि गुडघाभर पाण्यात उतरला. बोट निघाली. कमळ वाळूत माझ्याशेजारी उभी होती. 

"ऐका, बाई," तो पाठमोराच म्हणाला. "एक सिलिंडर जरा मागे पडतोय."

मला इंजिनाचा आवाज केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. कमळलाही. तो मात्र पाण्यात उभा राहून ऐकत होता.