सायलेन्सरचा गारवा

"भाऊ, वास येस का?"

ट्रक सुरू केला की नाना पहिल्यांदा हेच विचारायचे. समोर हमाल असो की व्यापारी, त्याचं बखोट धरून त्याला केबिनमध्ये डोकं घालायला लावायचे.

सावद्याला मी केळीच्या गाड्या भरून देतो. नाना मूळचे साक्रीकडचे, आमची केळी घेऊन सुरतेला जायचे. मे महिन्यात ट्रकची केबिन कशी तापते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वर ऊन, पायाशी इंजिन. "एवढी आग फुकट जाई राहिनी!" सायलेन्सरकडे बघून नाना हळहळायचे.

तरुणपणी ते बर्फाच्या कारखान्यात होते. तिथलं डोकं वापरून त्यांनी सायलेन्सरचा पाइप वळवला आणि सीटमागच्या टाकीला गुंडाळला. त्या उष्णतेनं टाकीतलं रसायन उकळायचं, नळ्यांतून फिरायचं आणि वरची जाळी गार पडायची. मी हात लावून पाहिला. खरंच गार होती.

पण मला त्या पाइपची धास्ती वाटायची. हादऱ्यांनी जोड सैल झाला तर धूर थेट केबिनमध्ये. त्यात कारखान्यातल्या वायूनं नानांचं नाक कायमचं गेलेलं, त्यांना कसलाच वास यायचा नाही. म्हणून त्यांच्या बायकोला, अक्कांना, ते प्रत्येक खेपेला शेजारी बसवत. "मनं नाक तठे बशेल शे," असं म्हणून हसायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर धुळ्याला निघालो. झळा लागू नयेत म्हणून आपण घरंसुद्धा दिवसभर गच्च बंद ठेवतो, तशी ती केबिन बंद. मी जरा काच खाली केली.

"काच लाव, गारवा पळी जास."

पारोळ्याच्या पुढे अक्का ओरडल्या, "थांबा, वास ई राहिना!"

आम्ही तिघं धडपडत खाली उतरलो. मला कळलंच नव्हतं, नुसती गोड झोप येत होती. नाना शांतपणे जोडाला पट्टी आवळत बसले.

"नाना, काढून टाका हे."

"मंग उनमां मरू का?"

परतीला मी मुकाट एसटी धरली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी घरी थांबल्या. नाना एकटेच निघाले. मी केबिनमध्ये डोकं घालून पाहिलं, वास नव्हता. तरी म्हणालो, "काच थोडी उघडी ठेवा." "हा, हा," म्हणत ते गेले.

दुपारी फोन आला. साक्रीच्या अलीकडे ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, इंजिन चालू. नाना स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेत, असंच लोकांना वाटलं. काच फोडली तेव्हा फार उशीर झाला होता.

अक्कांना सांगायला मीच गेलो. त्या रडल्या नाहीत.

"काच लायेल व्हती का?"

"हो."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मंग त्यास्ले ऊन नई लागनं," म्हणाल्या.