दोन थरांतला अंगठा

उत्खननाच्या कोठारात तिला सगळे जोडताई म्हणत. एकतीस वर्षं ती फुटक्या भांड्यांचे तुकडे जोडत आली होती आणि तिनं जोडलेला सांधा शोधायला भिंग लागे. बाई तशी थंड डोक्याची. पण गेले तीन आठवडे तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. गोंदाचा ब्रश धुवायला ती नळावर जाई आणि तिथं गेल्यावर कळे, ब्रश टेबलावरच राहिलाय.

कारण होतं सरांचं छापायला निघालेलं पुस्तक. कोठारातले तुकडे ज्या टेकाडातून आले, ते टेकाड सरांनीच खणलं होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, तरी दर मंगळवारी कठडा धरत कोठारात यायचेच. आणि त्यांचं अख्खं पुस्तक एका अंगठ्यावर उभं होतं.

टेकाडाच्या पाचव्या थरात एका मडक्याच्या काठाचा तुकडा मिळाला होता. काठाखाली कुंभारानं अंगठा दाबलेला, आणि त्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा आडवा वण. त्याच्या वरच्या थरात नुसती राख, कारण गाव जळलं होतं. आणि राखेच्याही वर, तिसऱ्या थरात, दुसऱ्या एका तुकड्यावर पुन्हा तसाच ठसा, तोच वण! मधे सहाशे वर्षं. माणूस काही सहाशे वर्षं जगत नाही. तेव्हा सरांनी मांडलं, की आगीनंतरही कुंभाराचं घर तिथंच राहिलं आणि बाप मुलाच्या अंगठ्यावर खूण म्हणून तसाच वार करत आला, चोवीस पिढ्या. शंकेखोर म्हणत, तुकडे मिसळले असतील. सरांचं उत्तर ठरलेलं असे, "माझी जोडताई मिसळत नाही."

जोडताईनं मिसळले होते.

नोकरीचं पहिलं वर्ष. नियम असा, की एका वेळी एकाच थराचे तुकडे टबात घ्यायचे, धुवायचे, ट्रेमध्ये वाळत घालायचे आणि थराची चिठ्ठी त्याच ट्रेमध्ये ठेवायची. तुकड्यावर शाईनं थराचा आकडा पडतो तो वाळल्यावर. त्या दिवशी फाटकापाशी, लग्न ठरलेला तिचा माणूस सायकल घेऊन ताटकळत होता. तिनं तिसऱ्या नि पाचव्या, दोन्ही थरांचे तुकडे एकाच टबात ओतले. नंतर लालसर ते तिसऱ्याचे, काळपट ते पाचव्याचे, असे डोळ्यांनी निवडले. उघड्या भट्टीत एकच मडकं अर्धं लाल नि अर्धं काळं भाजतं, हे तिला पुढं दोन वर्षांनी कळलं. तोवर आकडे पडले होते आणि सरांचा लेखही छापून आला होता.

शंका तिनं इतकी वर्षं झाकून ठेवली. मग सरांनी मुखपृष्ठाच्या फोटोसाठी दोन्ही तुकडे मागवले. तिनं ते शेजारी ठेवले आणि हातांनी सवयीनं जे करायचं तेच केलं. तुकडे एकमेकांत असे बसले की मधे केसही जाईना. एकच मडकं, एकच कुंभार.

"सांगून टाक, नाहीतर गप्प बस," नवरा म्हणाला. "पण तो पंखा चालू-बंद करणं थांबव बाई."

"तुझ्यामुळंच झालं सगळं. घाई कुणाला होती?"

"वा! सिनेमा कुणाला बघायचा होता? खापर माझ्यावर फोडू नकोस." मग तो जरा नरमला. "नोकरीचे सात महिने राहिलेत. नाही सांगितलंस तर कुणाला कळणार?"

"मला कळलंय ना."

मंगळवारी तिनं सरांच्या हातात जोडलेला काठ ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. मधे थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. सरांनी सांध्यावरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा.

"कधीपासून माहीत होतं?"

"शंका एकोणतीस वर्षं, सर. खात्री तीन आठवडे."

"लोक तोंडावर हसायचे माझ्या," सर हळू बोलले. "मी तुमचं नाव सांगायचो."

तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कसलं हलकं! शरमेनं तिचे कान तापले, आणि त्याहून वाईट म्हणजे सरांचं बोट अजून सांध्यावरच होतं आणि ते तिला बघवत नव्हतं. सर उठले. काठ टेबलावर ठेवला, काठी घेतली आणि दाराकडे निघाले. ती मागं गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

दारात ते थांबले. चौकट धरून मागं वळले.

"जोडताई, ठशाच्या खाली मडक्याचा गळा सुरू होतो. गळा आहे म्हणजे पोट असणार. ते कुठंय?"

"अजून सापडलं नाही, सर. त्या दिवशीचे अकरा ट्रे आहेत. चार बघून झालेत."

"मग उरलेले काढा," सर परत येऊन खुर्चीत बसत म्हणाले. "सगळे एकाच टेबलावर ओता. तुम्ही डोळ्यांनी बघा, मी बोटांनी बघतो."

पाचवा ट्रे उचलताना मात्र जोडताईला रडू आवरलं नाही.