पुढून उचललेली गाडी

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि आता त्यातले बरेचसे एकमेकांत मिसळून गेलेत. एका हिरव्या पिकअप गाडीची घटना मात्र आजही बारीकसारीक तपशिलासकट आठवते, आणि आठवली की आधी माझी चूक आठवते. त्या प्रकरणात ना गुन्हा दाखल झाला, ना कोणाला शिक्षा. नावं मी कोणाचीच घेणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. काटोलकडून नागपुरात येणाऱ्या रस्त्यावरचं एक ठाणं माझ्याकडे होतं. त्या दिवसांत राज्याच्या सीमेपलीकडच्या जंगलातून चोरटं सागवान शहरात येत होतं आणि वरून रोज विचारणा होत होती. सागवान जड. वरून कितीही ताडपत्री बांधा, गाडीची मागची कमान दबतेच. कमान म्हणजे चाकांवरचे पोलादी पट्टे, गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. नव्या शिपायाला मी पहिल्या दिवशी सांगायचो, ड्रायव्हरचं तोंड नंतर पाहा, आधी गाडीची मागची बाजू पाहा. पण चोर आमच्यापेक्षा शहाणे. ते जादा पट्टे टाकून घ्यायचे, म्हणजे भरलेली गाडीही रिकामीसारखी ताठ उभी राहायची.

खबर दिली नाक्यावरच्या चहावाल्यानं. त्याचा चहा पातळ असायचा, खबर नसायची.

"साहेब, नरखेडकडची एक हिरवी पिकअप हाय. दर मंगळवारी येते. ताडपत्री चारही बाजूनं आवळलेली, अन् चाल पाहाल तं बैलगाडीची. टायर हे मोठे मोठे लावले. मागून जराबी दबत नाही. काहून बरं?"

मंगळवारची वाट पाहावी लागली नाही. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास तीच गाडी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या न्यायला शहरात आली आणि आमच्या हवालदारानं ती अडवून ठाण्याच्या आवारात आणली.

मला तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते वाचकांना आधीच सांगतो. या गाडीवाल्याची बायको पाठीच्या मणक्याच्या क्षयानं सहा महिने प्लास्टरमध्ये उताणी पडून होती. प्लास्टरच्या कडेनं तिच्या पाठीला जखम झाली होती आणि दर मंगळवारी ती सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवावी लागायची. एक मंगळवार जरी चुकला तरी जखम हाडापर्यंत जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. आणि तिला घेऊन जाणारी एकुलती एक गाडी आता माझ्या ताब्यात होती.

गाडीवाला तिशीतला, संत्र्याचा छोटा बगिचा असलेला. धोतर, वर खाकी शर्ट, हातावर ग्रीसचे डाग. आम्ही झडती घेतली. मागे काथ्याची गादी, लाकडी फळी, आणि गाडीच्या तळाला बसवलेल्या चार लोखंडी कड्या. कड्यांत खाटेच्या निवारीच्या पट्ट्या ओवलेल्या. ओंडके बांधायला यापेक्षा चांगली सोय कोणती, असं मी मनाशी म्हणालो. ज्याला चोर पाहायचाच असतो त्याला निवारीतही दोरखंड दिसतो.

"ताडपत्रीखाली काय नेतोस?" मी विचारलं.

"घरचं हाय, साहेब."

"घरचं म्हणजे काय?"

मी आवाज चढवला. त्या वयात माझा आवाज आवारातल्या लिंबावरचे पक्षी उडवायचा. तो जमिनीकडे बघत राहिला. तसाच म्हणाला, "साहेब, उद्याचा दिवस गाडी सोडा. मंगळवार झाला का मी सोता गाडी घेऊन येतो. मंग मले पाह्यजे तं आत टाका."

मंगळवार हा शब्द त्यानंच तोंडानं काढला आणि माझी खात्री झाली. हवालदार कानाशी लागला, "साहेब, याले बोलतं करू का?" मी नको म्हणालो. ती एक गोष्ट त्या दिवशी मी बरोबर केली.

दुपारपर्यंत तो बाकावर बसून होता. चहा दिला, घेतला नाही. भाकरी मागवली, शिवला नाही. चौकशीत गुन्हेगार खोटं बोलतो, रडतो, ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव सांगतो. हा यातलं काहीच करत नव्हता. फक्त मधून मधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. पंचनामा करून गाडी जप्त दाखवायची होती, पण का कोण जाणे, मी कागद पुढे ओढला आणि तसाच ठेवला.

गाडीखाली डोकावलेल्या हवालदाराला कमानीच्या पट्ट्यांवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिसले. त्यानं ती खूण ओळखली. नागपुरातल्या जरीपटका भागात कमानीचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री आपल्या कामावर तशी खूण करायचा. चारच्या आत त्याला जीपमधून आणलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत गुरुजींनी पाहिल्यासारखं वाटलं.

"साब, आपने झुक के देखा क्या? माल छुपानेवाला पीछे कमान के पत्ते बढ़ाता है। इसने आगे बढ़वाए।"

मी वाकलो. खरंच, मागची कमान कारखान्यातून आली तशीच होती. जादा पट्टे पुढच्या चाकांवर होते. हजार गाड्या मागून पाहिलेला मी, या गाडीच्या पुढे गेलोच नव्हतो.

मिस्त्रीनं मग समजावून सांगितलं. रिकामी पिकअप नेहमी नाकावर झुकलेली असते, कारण मागची कमान ओझ्यासाठी बनवलेली, ओझं नसलं की उचललेली राहते. या माणसाला गाडी सपाट हवी होती. सपाट म्हणजे किती सपाट, तर यानं घरून पितळी परात आणली होती. पाणी भरून ती मागे ठेवायचा आणि पाणी चारही काठांना सारखं टेकेपर्यंत मिस्त्रीला पट्टे बदलायला लावायचा. सबंध दिवस गेला. मोठे टायर कशाला, तर गावाजवळच्या नाल्याच्या गोट्यांवरून गाडी आपटू नये म्हणून.

"मैंने पूछा, क्या ले जाना है? बोला, काँच का सामान।"

मिस्त्री गेला. मी टोपी काढून हवालदाराच्या हातात दिली, गाडीच्या मागे चढलो आणि त्या गादीवर आडवा झालो. डोकं केबिनकडे, पाय मागे. हवालदाराला हसू आवरेना. पण तिथे पडल्यावर मला दिसलं, जे उभ्या माणसाला दिसलंच नसतं. मान जरा वळवली की डोळ्यांच्या अगदी समोर, बाजूच्या फळीवर आतून टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, एकीखाली एक, ओळीनं. मोजल्या. अकरा होत्या. अकरा मंगळवार.

मी उठून बाकापाशी गेलो. "बाई कोण आहे?"

तेव्हा तो माणूस रडला. ओठ न हलवता, नुसतं डोळ्यांतून पाणी.

"माही बायको हाय, साहेब. पयलं तिले तशीच आणली. गाडी पुढं झुकलेली, तं ते डोक्याकडं सरकत जाये अन् प्लास्टरची कड गळ्यात रुते. मले आवाजबी देता येत नोता तिले. दवाखान्यात उतरवली तवा गळा रक्तानं भरला होता."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस, बाबा?"

"माह्या बहिणीचं साक्षगंध झालं. पंधरा दिवसांनं लगन हाय. घरात क्षय हाय म्हणून कळलं तं सोयरे मोडतीन. गावात सांगतलं, ते माहेरी गेली. बगिच्यातल्या घरी ठेवली तिले. तिनंच मले शपथ घातली. म्हणे, माहं काय व्हायचं ते होवो, पोरीचं लगन मोडू नका."

ठाण्यात तोंड उघडलं की गोष्ट गावात पोहोचते, हे त्याला माहीत होतं, आणि ते खोटं नव्हतं. बहिणीचं लग्न आणि बायकोचा मणका, या दोहोंमध्ये तो सकाळपासून माझ्या बाकावर चिरडला जात होता, आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. मला माझी लाज वाटली. आज लिहितानाही वाटते.

स्टेशन डायरीत नोंद केली: संशयावरून गाडी तपासली, आक्षेपार्ह काही मिळालं नाही, गाडी मालकास परत. हवालदाराला बजावलं, यातला एक शब्द बाहेर गेला तर तुझी बदली गडचिरोलीला. तो म्हणाला, "साहेब, माह्या घरीबी बहीण हाय." परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला होता, हा कायद्यानं दोष होताच. त्या परवानगीचा अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहून दिला.

गाडीत बसताना तो म्हणाला, "ज्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसन, त्या दिवशी हे पट्टे काढून टाकीन, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर उभा होतो. हिरवी गाडी बैलगाडीच्या चालीनं आली. पुढे जाताना ताडपत्रीच्या फटीतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला आणि परत आत गेला. नमस्कार होता की तिला नुसती हवा हवी होती, मला कळलं नाही.

पुढे माझी बदली झाली. दीड वर्षानं कामासाठी जरीपटक्याच्या बाजारात गेलो असता ती हिरवी गाडी दिसली. मागून पाहिली, मग सवयीनं पुढे गेलो. गाडी नाकावर झुकलेली होती, चारचौघींसारखी. पट्टे काढले होते. ते दोनच कारणांनी निघू शकत होते.

केबिनमध्ये बघायचा धीर होईना. खुनाच्या जागी बिनदिक्कत शिरणारा मी, त्या गाडीच्या दारापाशी थबकलो. तेवढ्यात समोरच्या दुकानातून गाडीवाल्यानं 'साहेब!' अशी हाक मारली, आणि गाडीच्या आतून आवाज आला, "अहो, हेच का ते साहेब?"

ती पुढच्या सीटवर बसली होती. कमरेला चामड्याचा पट्टा, पाठ ताठ. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात एक लाल टिकली. नवरा किराण्याची पिशवी घेऊन धावत आला. बहीण सासरी सुखी होती. टायर मात्र मोठेच होते. "नाला अजून तसाच हाय, साहेब," तो म्हणाला.

मी तिला हात जोडले आणि त्या सोमवारबद्दल माफी मागितली. वर्दीत असताना मी फार लोकांची माफी मागितलेली नाही.

"मले यायनं सांगतलं," ती म्हणाली, "तुमी माह्या जागेवर झोपून पाह्यलं म्हणून. डॉक्टरबी नाही झोपले तिथं. कसं वाटलं, साहेब?"

त्यानंतर कोणाही माणसाला जाब विचारण्याआधी तो जिथे असतो तिथून एकदा पाहायची सवय मी लावून घेतली. नोकरीत ती फार कामाला आली. पण त्या दिवशी बाजारात मला एवढं काही सुचलं नाही.

"सपाट होतं, बाई," मी म्हणालो. "थेंबभर पाणी सांडलं नसतं."