बनाबाईच्या अकरा किल्ल्या

बनाबाईच्या कमरेला अकरा घरांच्या किल्ल्या होत्या आणि त्यातलं एकही घर तिचं नव्हतं. तिच्या स्वतःच्या दाराला तर कुलूपच नव्हतं. ती नाहीतर तिचा नवरा आप्पासो, दोघांपैकी एकजण घरात असायचाच, मग कुलूप हवंय कशाला?

विट्याच्या पुढची ही वाडी. निम्मी वाडी सोन्याच्या गलाईपायी परमुलखात गेलेली. कोण कोचीनला, कोण कोइमतूरला, कोण पार गुवाहाटीला. तिकडं भट्टीत सोनं गाळायचं आणि इकडं दोन मजली बंगला बांधायचा, हा सगळ्यांचा शिरस्ता. वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या, की गाडीत बसता बसता किल्ली बनाबाईच्या हातात यायची. "काकी, जरा लक्ष ठेवा." झालं. पुढचं वर्षभर मालक मोकळा आणि बनाबाई अडकलेली.

आता लक्ष ठेवणं म्हणजे काय काय, ते विचारू नका. कोइमतूरच्या हंबीररावांच्या टाकीत पाल मेली, ती काढायची. कुणाच्या इन्व्हर्टरला पाणी घालायचं. कुणाच्या देवघरात रोज दिवा लावायचा, आणि त्या घरची सून व्हिडिओ कॉलवर म्हणणार, काकी, वात जरा पुढं ओढा की. पाचगणीला लेकीकडं चार दिवस जाईन म्हणून बनाबाईनं तीन वेळा पिशवी भरली आणि तीनही वेळा कुणाचा तरी पाइप फुटला. "मी काय ह्यांची पगारी वॉचमन हाय व्हय?" असं ती फोन ठेवल्यावर म्हणायची. फोन चालू असताना कधीच नाही. तिथंच तिचं चुकत होतं.

या सगळ्यांवर कडी केली राजवर्धननं. कोचीनला दुकान, वय पस्तीसच्या आतबाहेर, बंगला गावविहिरीच्या वरच्या अंगाला. त्यानं दारात गवत लावलं. म्हणजे लॉन. ज्या वाडीत आप्पासोच्या चाळीस मेंढरांना चैतात हिरवी काडी दिसत नाही, तिथं ह्यानं हिरवंगार गवत लावलं आणि भोवतीनं जाळी मारली. मेंढरं जाळीला नाक लावून उभी राहायची आणि आप्पासोला त्यांना हाकलून काढताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दारावर कॅमेरा बसवला, तो वर बोलायचासुद्धा. बनाबाई झाडायला वाकली की भिंतीतून कोचीनचा आवाज, काकी, त्या कोपऱ्यात पाला राहिलाय. पहिल्या दिवशी तिच्या हातातला खराटाच पडला.

आणि बोअरची मोटर मोबाइलवर चालायची. हा तिकडं दुकानात बसून बटण दाबणार आणि इकडं वाडीत पाणी उसळणार. कधी दाबून विसरायचा. मग गवत भिजून, अंगण भिजून, रस्त्यावर चिखल. किल्ली बनाबाईकडं, पण मोटर तिच्या हातात नाही. ती जाळीबाहेर उभी राहून नुसती चरफडायची.

वाडीतल्या बोअरचं पाणी मचूळ. गवताला चालतं, माणसाच्या घशाखाली उतरत नाही. प्यायला सगळ्यांना विहिरीचंच पाणी लागतं. कालवा जातो खालच्या अंगानं, तो काय वर चढत नाही. विहिरीला अठरा पायऱ्या. दरसाल यात्रेला पाणी दहाव्या पायरीवर असतं, हे बनाबाईला लग्न होऊन आल्यापासून पाठ. यंदा यात्रेला महिना होता आणि पाणी गेलं होतं खाली चौदाव्या पायरीवर.

कारण शोधलं आप्पासोनं. मेंढरांना पाणी पाजताना त्याच्या ध्यानात आलं, की वरच्या अंगाच्या कपारीतून जो झरा येतो, तो राजवर्धनची मोटर सुरू झाली की थोड्या वेळानं आटतो. मोटर बंद झाली की पुन्हा हळूहळू पाझरायला लागतो. त्यानं सात दिवस बघितलं, मग बायकोला सांगितलं. आप्पासोचं असंच, सात दिवसांत एक वाक्य.

बनाबाईनं फोन केला. गोड बोलून सांगितलं, हातापाया पडल्यासारखं सांगितलं. राजवर्धनही गोडच बोलला. म्हणाला, काकी, बोअर माझी, विजेचं बिल मी भरतो, आणि एका लॉननं कुठं विहीर आटते काय? वर म्हणाला, बाकीच्या दहा घरांतही बोअर आहेतच की. हे मात्र खरं होतं. बागा सगळ्यांच्याच होत्या आणि त्यांना पाणी सोडायला किल्ल्या घेऊन जात होती स्वतः बनाबाई. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी चंद्राबाई चौदाव्या पायरीवर बसलेली दिसली. पंचाहत्तरीची म्हातारी, राजवर्धनची चुलत आजी. जुन्या घरात एकटी राहायची. कळशी भरून वर निघाली आणि गुडघ्यांनी दगा दिला. रडत नव्हती, हाकही मारत नव्हती, नुसती कळशी मांडीवर धरून बसली होती. बनाबाईनं तिला धरून वर आणलं, घरी सोडलं, आणि तशीच तरातरा राजवर्धनच्या बंगल्यात शिरली. मोटरचा स्विच खाली केला, पेटीतला फ्यूज उपसला आणि कमरेच्या चंचीत टाकला.

भिंत बोलली, "काकी, काय करताय तिथं?"

बनाबाईनं कॅमेऱ्याकडं वर बघितलं. "लक्ष ठिवतीया. तूच म्हणाला हुतास नव्हं?"

मग काय, राहिलेल्या दहा घरांच्या मोटरीही तिनं बंद ठेवल्या. यात्रेपर्यंत लॉन करपून गेलं आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बनाबाईच्या नावानं शिमगा झाला. तिला काही कळलं नाही, त्या ग्रुपात तिला कुणी घेतलंच नव्हतं.

यात्रेला अकराही घरं उघडली. पालखी झाल्यावर देवळाच्या मंडपात बैठक बसली. चंद्राबाईनं विहिरीचं पाणी भरलेला एकेक तांब्या सगळ्यांच्या हातात दिला. राजवर्धन चांगला वाकून बोलला, पण बोलला लागेल असंच. काकींवर विश्वास ठेवून घर दिलं, म्हणाला, आणि काकींनी घरातली वस्तू नेली. बाकीचे माना हलवत बसले.

बनाबाईनं कमरेचा जुडगा सोडला आणि मधल्या सतरंजीवर टाकला.

"ह्या घ्या तुमच्या किल्ल्या. मला नगंत. मला फ्यूज द्या. अकराच्या अकरा, जूनपतोर."

हंबीरराव खाकरले. एकजण म्हणाला, तसं एकदम कसं काय देणार, विचार करून सांगतो.

"इचार?" बनाबाई म्हणाली. "घराची किल्ली देताना कुणी इचार केला न्हाई. आत कपाटं हायती, देव हायती. आन बोटाएवढा फ्यूज मागितला तर समदी खाली बघाय लागली? घरं तुमची हायती, ती कुठं पळून जात न्हाईत. हीर कुणाची हाय, सांगा की. ईस वर्सं झाली, समदी म्हणता घराकडं लक्ष ठेवा. हिरीकडं लक्ष ठेवा म्हणून एकबी जण म्हणाला न्हाई."

हंबीरराव उठले, जुडग्यातली आपली किल्ली काढून घेतली आणि बाहेर पडले. बनाबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. तोंडानं काहीही म्हटलं, तरी वीस वर्षांची किल्ली होती ती. पण हंबीरराव थोड्या वेळात परत आले आणि त्यांनी किल्ली आणि फ्यूज दोन्ही तिच्यापुढं ठेवले. त्यांच्यामागनं एकेक उठला. दोघांनी नाहीच दिला. त्यातल्या एकानं तर मोटर जळाल्याची थाप मारली. राजवर्धनचा आधीच चंचीत होता. तिनं काढून त्याच्यापुढं धरला, घे म्हणाली, तुझी आजी चौदाव्या पायरीवर कळशी धरून बसली हुती, त्या दिवशी काढलाय. त्यानं हातातल्या पाण्याच्या तांब्याकडं बघितलं, फ्यूज घेतला नाही. दुसऱ्या दिवशी न भेटताच कोचीनला गेला.

यात्रा पांगली. किल्ल्या कुणीच परत नेल्या नाहीत. अकरा किल्ल्या होत्याच, वर नऊ फ्यूज सांभाळायचे आले. बनाबाईनं ते डालड्याच्या डब्यात घातले आणि दिवसभर करवादत राहिली.

पंधरा दिवसांनी राजवर्धनचा फोन आला. आता हा लॉनचं काढणार म्हणून ती कंबर कसूनच बोलली, "काय हाय?"

तो म्हणाला, "काकी, पाणी कितव्या पायरीवर हाय?"

लग्न होऊन आल्यापासून ती पायऱ्या मोजत होती आणि आजपर्यंत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "थांब," ती म्हणाली, "बघून सांगते." पदर खोचून विहिरीवर गेली, खाली उतरली, पाण्याला हात लावून आली. तेरावी. चौदावी बुडाली होती.

तिनं सांगितलं. तो बरं म्हणाला. उद्या पुन्हा फोन करतो म्हणाला.

"आता ह्येचंबी रोजचं झालं," फोन ठेवून ती आप्पासोवर खेकसली. दुसऱ्या दिवशी फोन यायच्या आत ती पायऱ्या मोजून आली होती.