पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ, काका?

इंग्लंडात वॉटफर्डला लेकीकडे राहायला येऊन मला तीन वर्षं झाली. त्याआधी अठ्ठावीस वर्षं पायदळात. सुभेदार म्हणून निवृत्त झालो.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास लेकीची मैत्रीण शिल्पा आली. तिच्या नवऱ्याची बदली टेक्ससला झाली होती. तो महिन्यातले पंधरा दिवस टूरवर असणार, घर गावाबाहेर, मुलगी सहा वर्षांची. शिल्पाने फोनवर तीन पिस्तुलांचे फोटो दाखवले.

"काका, इथे यूकेत तर हात लावायलाही मिळत नाही. तुम्हीच सांगा, सेल्फ-डिफेन्ससाठी पहिलं कुठलं घेऊ?"

प्रश्न सोपा होता. पंजा केवढा, वजन किती, ट्रिगर किती जड, हे मी रिक्रुटांना वर्षानुवर्षं शिकवलं. एका फोटोवर बोट ठेवलं. मग फोन टेबलावर ठेवला.

"बस जरा," म्हणालो. "एक सांगतो. लेकीलाही सांगितलेलं नाही."

तेव्हा मी नायब सुभेदार होतो, काश्मीरमध्ये. दुपारी दोनला एका घराला कॉर्डन, म्हणजे वेढा घातला. आत एक अतिरेकी. जिना अरुंद, रायफल वळेना, म्हणून मी पिस्तूल काढलं. लान्स नाईक संभाजी घोलपला मागच्या दाराशी ठेवलं होतं. जागा सोडायची नाही, असा हुकूम होता.

दोन वीसला वरच्या खोलीत शिरलो. सगळा धूर. समोरून गोळ्यांचा बर्स्ट आला. डावीकडे कुणीतरी हललं. मी तिकडे दोन राउंड झाडले. माझ्या मागच्या जवानाने समोरच्याला टिपलं.

रेडिओवर कंपनी कमांडर. "सिच्युएशन? ओव्हर."

"अतिरेकी ठार. वेट. ओव्हर."

डावीकडे घोलप पडला होता. "साहेब, मी आहे," एवढंच म्हणाला. तो वर का आला, कुणी बोलावलं, कधीच कळलं नाही. गोळी आरपार गेली होती. चौकशीत ठरलं, शत्रूची. माझा एक राउंड भिंतीत सापडला. दुसरा सापडला नाही.

शिल्पाने फोनवर तो फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाली, "म्हणजे घेऊ की नको?"

"हे तुझ्या पंजाला बसेल. बाकीचं मला कळत नाही, बाळा."

जूनमध्ये तिचा टेक्ससहून फोन आला. "काका, रेंजवर शिकतेय. नेम चांगला आहे म्हणतात. पण घेतलं नाही अजून. परवा हा टूरवरून एक दिवस आधीच आला, न सांगता. मागचं दार वाजलं आणि मी... तेव्हा हातात पिस्तूल असतं तर?"

तिने फोन ठेवला.

घोलपच्या आईला पत्र मीच लिहिलं होतं. 'तुमचा मुलगा शत्रूच्या गोळीने शहीद झाला.' ते वाक्य खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता. प्लाटूनमध्ये सगळ्यात मोठ्याने हसायचा.