योगराजचा अंगठा

योगराज पाटलाला मी चौथीत भूगोल शिकवला, आणि त्याच्या आईच्या मते सगळं वाटोळं तिथूनच सुरू झालं. आमच्याच इमारतीत वर राहणाऱ्या सरलाबाई अजूनही मला जिन्यात गाठतात. "बाई, तुम्ही त्याले नकाशा दाखाडा, आन मना पोऱ्या घर भुली गया." मी म्हणते, "अहो, त्या वर्गात आणखीही पोरं होती. ती बघा, दिवाळी लागली की मुकाट्यानं अमळनेरची गाडी पकडतात. तुमचाच असा निघाला, त्याला मी काय करू?"

योगराज पस्तिशीच्या आसपासचा. लग्न नाही, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये तो जेट मशीन चालवतो. जेट म्हणजे भलामोठा बंद हंडा, आत रंगाच्या उकळत्या पाण्यात कापड गरगर फिरत असतं. वर्षभर हा माणूस त्या हंड्यापुढे उभा असतो, आणि दिवाळीला मिल बंद झाली की पाठीवर पिशवी टाकून कुठल्या तरी देशाच्या वेशीवर जाऊन उभा राहतो. टूर कंपनी नाही, सोबती नाही. आमच्या सुरतेत फिरायला जायचं म्हणजे बस भरून, स्वयंपाकाला महाराज बरोबर घेऊन. हा एकटा, आणि वेस ओलांडायची ती पायी. विमानातून थेट देशात उतरणं त्याला लबाडी वाटते.

ही खोड माझ्या नकाशानं लावली नाही, नवापूर स्टेशनानं लावली. गावी जाताना गाडी तिथं थांबायची. फलाटाचा एक भाग गुजरातेत, एक महाराष्ट्रात. त्याचे वडील दगाभाऊ त्याला रेघेवरच्या बाकावर मधोमध बसवायचे आणि विचारायचे, "सांग भो, तू आता कोठला?" पोरगं इकडे सरकायचं, तिकडे सरकायचं, खदखदून हसायचं. कोणी अडवत नाही, कोणी काही विचारत नाही. त्याला वाटलं, जगात सगळीकडे असंच असणार. मोठा झाल्यावर नेपाळात दोनदा पायी जाऊन आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, ती वेस नाहीच, बाजार आहे. खरी वेस पाहिजे."

ती मिळाली. देशाचं नाव मी लिहीत नाही. योगराजला पुन्हा तिथूनच जायचंय, आणि तिथली माणसं मनात धरून बसणारी निघाली तर उगाच माझ्यामुळे त्याचं बिनसायचं. आधी विमान, मग आगगाडी, मग एक मोठी नदी. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, मध्ये पूल. पहिल्या वर्षी अलीकडच्या देशातून निघाल्याचा शिक्का घेऊन हा ऐटीत पूल चालून गेला. पलीकडच्या खिडकीत एक काच होती. तिच्यावर आधी चार बोटं ठेवायची, मग अंगठा. यंत्र लाल. बोटं पुसा. लाल. दुसरा हात. लाल.

योगराजच्या बोटांवर रेषाच नव्हत्या. मशीन धुवायला कॉस्टिक आणि हायड्रो वापरतात. ती रसायनं वर्षानुवर्षं हातावर घेऊन त्याची बोटं बाटलीच्या काचेसारखी गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानातही त्याचा अंगठा लागत नाही, सरलाबाईंचा लावतात. पण पुलावर आई कुठून आणायची? विमानतळावर निदान बाजूला बसवून मोठ्या साहेबाला बोलावतात, साहेब तोंडाकडे बघून सोडून देतो. पुलावर साहेब नसतो, यंत्र असतं. पलीकडच्यानं घेतलं नाही म्हणून हा परत अलीकडे आला, तर अलीकडचा म्हणतो, तू तर आमच्याकडून निघालास, आता आत कसा येतोस? शेवटी शिक्क्यावर रेघ मारून त्याला घेतला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच, पुन्हा एक रेघ.

मी म्हटलं, "मग बस कर ना. जगात दुसरी जागा नाही का?"

"जागा आहेत, बाई. पण हा पूल माझ्याकडे बाकी आहे."

एका एजंटानं सांगितलं, आमच्या गटातून चला, आमची माणसं आत बोलून ठेवतात. योगराज म्हणाला, "मग वेस त्यांनी ओलांडली. मी काय, सामान?"

तिसऱ्या वर्षी सरलाबाईंनी अट घातली. गावची बोली सोडून त्या एकदाच शुद्ध मराठीत बोलल्या, म्हणजे किती चिडल्या असतील बघा. "या खेपेला पूल झाला तर झाला. नाही झाला, तर पुढची दिवाळी गावाला करायची, मुलगी बघायची, आणि दिवाळीला हे भटकणं बंद. तुझ्या बापाच्या फोटोसमोर बोल." हा बोलला. म्हणजे आता एकच खेप उरली.

मग मी त्याला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, रसायनात हात घालू नका, रेषा आपोआप परततील. योगराजनं पावसाळा सरता सरता रबरी हातमोजे घातले. मिलमध्ये त्याचं हसं झालं. मास्तर, म्हणजे रंगखात्याचा मुख्य, म्हणायचा, "मोज्यातून कापड कळतं काय रे?" शेजारच्या मशीनवरचा धर्मेंद्र रोज विचारायचा, "काय नवरदेव, हळद कधी?" घरी सरलाबाई शिव्या घालत घालत त्याच्या बोटांना तिळाचं तेल चोळायच्या. पूल व्हायला नको होता त्यांना, तरी चोळायच्या. आया कशा असतात मला ठाऊक नाही, मला मूल नाही, पण मी बघत होते.

दसऱ्याच्या सुमाराला योगराज धावत माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलचं कुलूप अंगठ्यानं उघडतं म्हणे, पण त्याचं कधी उघडलंच नव्हतं. माझ्यासमोर त्यानं अंगठा टेकवला.

"बाई, उघडला!"

मी पुन्हा पुन्हा उघडायला लावला. दरवेळी उघडला. मी त्याला सक्त ताकीद दिली, मिल बंद होईपर्यंत मोजा उतरवायचा नाही, जेवताना सोडून.

आणि या गाढवानं काय करावं? मिल बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या पाळीला मशीनची पूजा असते. त्याआधी जेट आतून-बाहेरून लख्ख धुवायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी हा माझ्याकडे पेढा घेऊन आला. मी हात बघितले. बोटं गुलाबी, सोललेली.

"मोजे कुठे होते?"

"काढून ठेवले होते, बाई."

"का?"

"पूजेची धुलाई. रबर घालून कोणी देवाचं भांडं घासतं का?"

"ते भांडं नाही रे, जेट आहे!"

"त्या दिवशी भांडंच."

"धर्मेंद्रला सांगायचंस धुवायला!"

"माझं मशीन धर्मेंद्र कसा धुणार?" त्याला हा प्रश्नच समजला नाही. इतकी वर्षं ज्या हंड्यानं पोट भरलं, त्याची वर्षाची एक सेवा दुसऱ्याच्या हातून करवून घ्यायची, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मोबाइल काढायला सांगितलं. अंगठा टेकवला. नाही उघडला. पेढा मी खाल्ला नाही.

तिकीट काढलेलं होतं, तो गेला. काही दिवसांनी, एका दुपारी मी जेवून उठत होते तेव्हा फोन वाजला. योगराज पुलापलीकडच्या खिडकीपाशी उभा होता.

"बाई, लाल येतंय."

"मग काय हिरवं येणार होतं?"

"यांना इंग्रजीत सांगा ना, मी रंगाचं काम करतो म्हणून. मला नीट सांगता येईना."

फोन अधिकाऱ्याच्या हातात गेला. मी चाळीस वर्षं पोरांना ओरडलेली बाई, मला बोलायला जड नाही. मी त्याला सांगितलं, या माणसाच्या पासपोर्टवर फोटो आहे, समोर तोंड आहे, दोन्ही जुळतात, बोटं कामानं झिजली आहेत, हा गुन्हा आहे का? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, यंत्र पुढे जाऊ देत नाही." मी म्हटलं, यंत्राला विचारलं नाही, तुम्हाला विचारतेय. त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, त्याच चालीत, आणि फोन योगराजला परत दिला. माणूस उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

"आता काय करू?"

"परत ये."

"थोडा वेळ मध्ये उभा राहतो," तो म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. पुलाच्या मधोमध कठड्याला एक रंगाचा पट्टा ओढला आहे, तो त्यानं मला आधीच फोटोत दाखवला होता. तिथं तो उभा राहिला असणार. शिपायानं हाकललं तेव्हा अलीकडे आला. पासपोर्टवर तिसरी रेघ.

पुढे तर आणखी संताप. दिवाळीची सुट्टी संपत आली, हात कोरडे राहिले, तशा बोटांवर बारीक रेषा दिसू लागल्या. मिल उघडायच्या थोडं आधी मोबाइल अंगठ्यानं उघडला. म्हणजे रजा असते तेव्हा बोटं नसतात, आणि बोटं येतात तेव्हा रजा संपते. मी म्हटलं, "जेट सोड. घडीखात्यात जा. तिथं कोरडं काम."

दोन आठवडे तो जेटवरच जात राहिला. मग त्यानं खरंच जेट सोडलं. आता तो साड्यांच्या घड्या घालतो. त्याचं मशीन धर्मेंद्र चालवतो आणि रंग फिका आणतो असं योगराज तीनतीनदा सांगतो. धर्मेंद्र येताजाता म्हणतो, "काय काकू, निऱ्या नीट घाला."

आणि तिथं गेल्यावर कळलं, घडीखात्याला दिवाळीची लांब सुट्टीच नसते. बाजार दिवाळीनंतर चारपाच दिवसांतच, लाभपाचमेला उघडतो, माल हवा असतो. मी कपाळावर हात मारला. योगराज म्हणाला, "दिवाळी तशीही आईला दिली आहे, बाई. चार दिवस गावी जाईन, मुलगी बघेन. पण होळीला भय्ये लोक गावी जातात, मिल अर्धी रिकामी पडते. तेव्हा रजा मागितली आहे. फोटोसमोर मी दिवाळीचंच बोललो होतो."

"सेठ काय म्हणाला?"

"बघू म्हणाला."

'बघू' म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. सरलाबाईंनाही कळतं, म्हणून त्या सध्या खुशीत आहेत. मुलीवाल्यांना त्यांनी कळवूनसुद्धा टाकलं. तेल मात्र अजून चोळतात, का ते विचारायची सोय नाही.

योगराज रोज संध्याकाळी मिलमधून येतो, जिन्यात माझ्या दाराशी थांबतो आणि कारण नसताना मोबाइल काढून अंगठा टेकवतो. उघडतो. मग बंद करून वर जातो.